टेबलाला लावायचा भिंगाचा दिवा: नजर कमी झालेल्या पेंटरचा रिव्ह्यू

ब्युटी पार्लरमध्ये आणि मोबाइल रिपेरीच्या दुकानात तुम्ही हा दिवा नक्की बघितला असणार, मोठं गोल भिंग, त्याच्या भोवती एलईडीची रिंग, स्प्रिंगचा वाकणारा हात आणि टेबलाला अडकवायचा क्लॅम्प. मी तो चित्रं काढायला वापरतोय. ज्यांची नजर कमी झालीय पण ब्रश खाली ठेवायचा नाही अशा माणसांनी हा दिवा घ्यावा का, घ्यायचा तर कुठला, कुठला अजिबात नको, एवढंच सांगायला हे लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही, कारण एकसारखाच माल वेगवेगळ्या नावांनी मिळतोय आणि फरक पडतो तो नावानं नाही तर भिंगाच्या नंबरनं.

आधी माझ्याबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी कोल्हापूरचा, बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, नंबर प्लेटी, तालमींच्या भिंती, मंडळांचे पडदे सगळं हातानं केलंय. फ्लेक्स आल्यावर पाट्यांचं काम आटलं, तरी हातानं लिहिलेलीच पाटी पाहिजे म्हणणारी गिऱ्हाईकं अजून येतात, बाकी सीझनला गणपतीच्या डोळ्यांची आखणी आणि वर्षभर जलरंगातली निसर्गचित्रं. आता दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मॅक्युलर डिजनरेशन आहे, ड्राय प्रकारचं. ह्यात कडेचं सगळं नीट दिसतं, रंकाळ्यावर फिरायला गेलो तर अख्खा तलाव, झाडं, माणसं, भेळेच्या गाड्या सगळं दिसतंय, पण जिथं नेमकं बघायला जाईन तिथंच ओल्या रंगावर कुणीतरी अंगठा फिरवल्यासारखं पुसट होतं. समोरच्या माणसाचा चेहरा जातो आणि त्याच्या चपला दिसतात.

असं झालं की सगळे एकच सांगतात, मोठ्या पॉवरचं भिंग घ्या. दुकानदार सांगतो, नातेवाईक सांगतात. १० एक्स, म्हणजे दहा पट, लिहिलेली छोटी भिंगं काउंटरवर काढून ठेवतात आणि त्यातनं पेपरातली बारीक अक्षरं वाचून दाखवतात. वाचायला ठीक आहे ते. चित्राला ते उपयोगाचं नाही, आणि का नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भिंगाचा नंबर डायॉप्टरमध्ये असतो. १०० ला त्या नंबरानं भागलं की भिंगाचा फोकस किती सेंटिमीटरवर आहे ते मिळतं. म्हणजे ३ डायॉप्टरचं भिंग असेल तर ३३ सेंटिमीटर, ५ चं असेल तर २०, ८ चं असेल तर साडेबारा. आणि मोठं किती दिसणार ते काढायला नंबराला ४ नं भागून १ मिळवायचा, म्हणजे ३ डायॉप्टरला पावणेदोन पट, ५ ला सव्वादोन पट, ८ ला तीन पट. कागद फोकसच्या आतच धरावा लागतो, म्हणजे तेवढ्याच जागेत तुमचा हात, ब्रश आणि ब्रशची दांडी मावली पाहिजे. ८ च्या भिंगाखाली कागदापासून चार-पाच बोटं जागा उरते आणि ब्रश जरा उभा केला की दांडी काचेला ठक्कन लागते. १० एक्सच्या भिंगात तर कागद दोन-अडीच सेंटिमीटरवर आणावा लागतो, तिथं ब्रश घालणार कुठनं? ३ च्या भिंगाखाली मात्र आरामात वीतभर जागा मिळते. हात मोकळा फिरतो, मनगट फिरतं, आणि भिंग पाच इंचाचं असेल तर दोन्ही डोळ्यांनी बघता येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दिसणारा भाग. पॉवर वाढली की चित्राचा तुकडा लहान होत जातो. मला एका वेळी निदान अख्खा होडीचा आकार दिसला पाहिजे, नुसतं होडीचं टोक मोठं करून बघितलं तर बाक कुठं चुकतोय ते कळत नाही. म्हणून माझं मत एकदम स्पष्ट आहे, चित्रकारानं ३ डायॉप्टर घ्यावा, फार तर ५, त्याच्या वर जाऊच नये. काही दिव्यांत मोठ्या भिंगाच्या कडेला एक छोटं जास्त पॉवरचं भिंग बसवलेलं असतं, ते झालेलं काम तपासायला बरं पडतं, काम करायला नाही.

पावणेदोन पटीनं काय होणार असं वाटेल. पण ह्यात अर्धं काम दिव्याचं आहे, भिंगाचं नाही. पडद्याचा आजार झाला की फिकट-गडद कळायचं कमी होतं, फिकट निळ्यावर फिकट करडा टाकला तर दोन्ही एकच वाटतात, आणि तिथं उजेड वाढवला की पुष्कळ परत मिळतं. पूर्वी मी उत्तरेकडच्या खिडकीत बसायचो, पेंटर लोक बसतातच, तो उजेड दिवसभर सारखा राहतो. पण जुलैत कोल्हापुरात दिवसा चारलाच अंधारून येतं आणि मग खिडकीचा उपयोग नसतो. आता पावसाळ्यातसुद्धा बसता येतंय.

उजेडाबद्दल एक तक्रार मात्र आहे. स्वस्तातल्या एलईडीचा उजेड पांढरा दिसतो पण त्यात रंग खोटे दिसतात. क्रिमसन मळकट होतो, बर्न्ट सिएना आणि जुना तांबडा सारखेच वाटतात. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असला तर तो बघा, १०० म्हणजे अस्सल उजेड, ९० च्या वर असलं तर डोळे झाकून घ्या, काहीच लिहिलेलं नसलं तर ८० च्या आसपास किंवा कमीच धरून चाला. माझ्या दिव्यात उजेडाचे तीन रंग बदलता येतात, पिवळा, मधला आणि पांढरा. मी मधला लावतो. पांढऱ्यात कागदच एवढा चमकतो की पेन्सिलची रेघ त्यात विरघळते.

आता कामं. जलरंगापासनं सांगतो कारण तिथं एक अशी अडचण आली जी विकणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही. जलरंगात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा हात, टाकला की कागद किती ओला आहे ते आपण त्याच्या चकाकीवरनं ओळखतो, चकाकी गेली आणि ओल आहे तेवढ्या वेळात दुसरा रंग सोडायचा असतो, आभाळ तिथंच जमतं नाहीतर बिघडतं. रिंगचा दिवा वरनं सरळ पडतो, त्यामुळं ओल्या कागदावर एलईडीच्या ठिपक्यांचं कडं उमटतं आणि खरी चकाकी दिसतच नाही. उपाय सोपा निघाला. वॉश टाकताना रिंग बंद, भिंग बाजूला, आणि डाव्या हाताला एक साधा टेबल लॅम्प खाली झुकवून. तिरका उजेड आला की ओल स्पष्ट दिसते. मोठे वॉश तसेही मला कडेच्या नजरेनं छान जमतात, आभाळ आणि पाणी करायला मधली नजर लागत नाही. वॉश वाळला, बारीक काम आलं, की मग भिंग पुढं ओढायचं. ज्यांच्या दिव्यात रिंगचा अर्धा भाग वेगळा बंद करता येतो त्यांना एवढं करावं लागणार नाही.

आमच्या गावात आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळ्याच्या परिसरात निसर्गचित्रं केली, त्यांच्यापासनं इथल्या प्रत्येक पेंटरनं रंकाळा काढलाय, मीही काढतोय. फरक एवढाच की आता संध्यामठाचे दगडी खांब मोजून काढत नाही. मोबाइलवर फोटो काढायचा, घरी येऊन बोटांनी मोठा करून खांब, सावली, पाण्याची पातळी बघून घ्यायची, आणि कागदावर ठोकळ आकार धरायचा. चित्र पूर्वीपेक्षा सैल झालंय. मला ते आवडतंय, जुनी गिऱ्हाईकं काही वेळा नाक मुरडतात, तो त्यांचा प्रश्न.

अक्षरांचं काम ह्या दिव्याखाली जरा जपून. कुठल्याही साध्या भिंगात मधोमध रेघ सरळ दिसते आणि कडेला वाकते. चांगल्या डोळ्याला ते लगेच कळतं, पण आमच्या आजारात सरळ रेघा आधीच वाकड्या दिसतात, मग वाकलीय ती रेघ, भिंग का डोळा हे कळायला मार्ग नाही. म्हणून डोळ्यावर विसंबायचंच नाही. पाटी आधी सूत मारून घ्यायची, खडूची दोरी ताणून फटका मारला की रेघ सरळच उमटणार, तिला डोळा लागत नाही. आणि शिरोरेघेसाठी मी कापडावर नक्षी काढायचा थ्रीडी आउटलाइनर वापरतो, फेविक्रिलचा मेंदीसारख्या कोनमध्ये मिळतो तो, सुताच्या रेघेवर बारीक धार सोडायची, वाळली की ती उंच रेघ बोटाला लागते. डाव्या हाताचं बोट त्या रेघेवर, उजव्या हातात चपटा ब्रश, बोट पुढं सरकेल तसा ब्रश सरकतो. काम झालं की ती धार ब्लेडनं खरवडून काढायची. ‘श्री’ लिहिताना श ची गाठ आणि र चा तिरका फटकारा जिथं भेटतात तेवढ्यापुरतंच भिंग लागतं, बाकीचं अक्षर हाताला पाठ आहे.

आणि डोळ्यांची आखणी. ह्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त धाकधूक होती. सीझनला मूर्तिकारानं विचारलं, पेंटर, ह्या वर्षी आखणी तुमच्याकडं देऊ का पोरांकडं? मी म्हटलं लहान मूर्ती मला द्या, मोठ्या मूर्ती पोरांकडं द्या. लहान मूर्तीचं कारण असं की ती टेबलावर फिरवता येते, मोठ्या मूर्तीला दिवाच वर नेऊन धरावा लागतो आणि ह्याचा हात तेवढा पोचत नाही. दिवा मूर्तीच्या समोरनं न लावता जरा बाजूनं लावायचा म्हणजे पापणीची कड सावलीनं उठून दिसते. मग करंगळी मूर्तीच्या वाळलेल्या गालावर टेकवायची. आणि बघायचं गणपतीच्या कानाकडं. कानाकडं बघितलं की डोळा माझ्या नजरेच्या चांगल्या भागात येतो आणि स्वच्छ दिसतो, सरळ डोळ्याकडं बघितलं तर तिथं पुसटच. असं तिरकं बघायला लो व्हिजनवाल्या, म्हणजे कमी नजरेत काम कसं चालवायचं ते शिकवणाऱ्या, मॅडमनी शिकवलं, त्याचा सराव करावा लागतो, सुरुवातीला मान दुखते आणि नजर परत परत मधे धावते. आधी पांढरं भरून वाळवायचं, मग बुबुळाचा गोल, मग वरच्या पापणीची काळी रेघ एका दमात. रेघ ओढताना श्वास धरायचा हे जुनंच. भिंगाखाली ब्रशच्या टोकाचं अंतर फसवं वाटतं, त्यामुळं टोक टेकायच्या आधी करंगळीवरनं अंतर मोजायचं, डोळ्यानं नाही. मूर्तिकारानं दोन्ही डोळे जवळनं बघितले आणि पुढचा पाट टेबलावर आणून ठेवला.

रंग ओळखायचं काम मात्र दिवा करत नाही, ते आपलं आपण लावून घ्यावं लागतं. गडद निळा, काळा आणि गडद तपकिरी माझ्याकडं गोंधळतात. ट्यूबांवर जाड मार्करनं नाव, निळ्यांना एक रबरबँड, तपकिऱ्यांना दोन, आणि पॅलेटवर प्रत्येक रंगाची जागा ठरलेली, ती कुणी हलवायची नाही, नातवंडांनी पण नाही. क्लोद मोने ह्या फ्रेंच चित्रकाराला १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं आणि ऑपरेशन झालं १९२३ मध्ये, मधल्या काळात तो ट्यूबवरची नावं बघून आणि पॅलेटवर रंग ठरलेल्या जागी ठेवून काम करत होता. मोतीबिंदूत रंग पिवळट होतात आणि आमच्यात मधलं पुसट होतं, आजार वेगळे, पण ही युक्ती दोघांनाही चालते. कागदाखाली काळा बोर्ड ठेवा, कागदाची कड दिसते आणि ब्रश टेबलावर जात नाही. पाण्याचे डबे पण एक पांढरा एक काळा.

मोबाइल स्टँडला लावून त्याच्या स्क्रीनवर बघत काम का करत नाही असं पोरगं विचारतं. करून बघितलं. हात खाली आणि नजर वर स्क्रीनवर, त्यात चित्र क्षणभर उशिरा येतं, ब्रश कागदाला टेकल्यावर स्क्रीनवर टेकतो. अक्षर वाचायला, ट्यूबवरचं नाव बघायला, झालेलं काम तपासायला मोबाइल उत्तम, फुकटातलं भिंग आहे ते. पण रेघ ओढायला मला दिवाच बरा, कारण ह्यात माझा स्वतःचा हात दिसतो आणि तो खऱ्या वेळेला दिसतो. स्क्रीनवाले खास व्हिडिओ मॅग्निफायर मिळतात, त्यात काळ्यावर पांढरं असं उलटं पण करता येतं आणि नजर फारच कमी असणाऱ्यांना त्यांचाच उपयोग, पण त्यांची किंमत ह्या दिव्याच्या कितीतरी पट आहे आणि रंगकामाला त्यातल्या बऱ्याच मशीनखाली हातच नीट जात नाही. घ्यायचंच असेल तर स्वतःचा ब्रश आणि कागद घेऊन जा आणि तिथं बसून दहा मिनिटं चित्र काढून बघा, नुसता पेपर वाचून ठरवू नका.

वस्तू म्हणून कशी आहे ते. क्लॅम्प प्लास्टिकचा असेल तर घेऊ नका, लोखंडीच घ्या, काचेचं भिंग जड असतं. आमचं टेबल जाड सागवानी आहे, क्लॅम्प जेमतेम बसला, तेव्हा टेबलाची जाडी मोजून जा. स्प्रिंगचा हात काही महिन्यांनी सैल पडतो आणि भिंग हळूहळू खाली यायला लागतं, सांध्याचे स्क्रू आवळले की परत राहतं. ॲक्रिलिकचं भिंग हलकं असतं पण इनॅमलचा शिंतोडा उडाला आणि थिनरनं पुसलं की ते कायमचं आंधळं होतं, आमच्या कामाला काचच पाहिजे. भिंग पुसायला मऊ सुती कापड. वीज फार खात नाही, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर आरामात चालतो, यूएसबीवाले तर पॉवर बँकेवरसुद्धा चालतात.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. काम झालं की भिंगावर झाकण पाडायचं, झाकण नसेल तर जाड कापड टाकायचं. खिडकीतनं ऊन सरळ भिंगावर आलं तर खालचा कागद पेटू शकतो, आणि आमच्या टेबलावर कागद, चिंध्या, थिनर सगळं असतंच.

काळजी वाटते ती पुढची. ड्राय प्रकार हळू वाढतो, पण वाढतो. तेव्हा मी बिनोद बिहारी मुखर्जींची आठवण काढतो. शांतिनिकेतनचे हे चित्रकार, लहानपणापासनंच नजर अधू, पन्नाशी ओलांडल्यावर डोळ्याच्या ऑपरेशननंतर उरलीसुरली पण गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून चिकटवून चित्रं केली, आणि १९७२ मध्ये तिथल्या कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं मोठं म्युरल केलं. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला. कात्री आणि रंगीत कागद मीही आणून ठेवलेत, अधनंमधनं बसतो. कापलेली कड बोटाला कळते, आणि रंगीत कागदांच्या गठ्ठ्यांना खाचा पाडून ठेवल्यात म्हणजे कुठला कुठला ते समजतं. त्या कामाला दिव्याची गरज फार लागत नाही.

अजून एक, हे दिव्याबद्दल नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्हाला ड्राय सांगितलं असेल तर डॉक्टरांकडनं ॲम्सलर ग्रिडचा कागद मागून घ्या, चौकोन-चौकोन आणि मधे ठिपका असलेला, आणि एक डोळा झाकून एक एक डोळा घरीच तपासत जा. रेघा अचानक जास्त वाकड्या दिसल्या किंवा नवा काळा डाग आला तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वेट, म्हणजे ह्याच आजाराचा दुसरा प्रकार, सुरू झाला तर त्याला डोळ्यात द्यायची इंजेक्शनं असतात आणि ती वेळेवर मिळाली तर नजर वाचते. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून दुकानात जाऊन बसणारी माणसं मी बघितलीत.

किंमत, काचेचं पाच इंची भिंग, लोखंडी क्लॅम्प, तीन रंगांचा उजेड, दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळून जातं. महाद्वार रोडकडं पार्लरचं सामान विकणाऱ्यांकडं विचारा, ऑनलाइनपेक्षा दुकानात घेतलेलं बरं, कारण हात घालून बघता येतं आणि डायॉप्टर किती ते खोक्यावर वाचून घेता येतं. दुकानदाराला एक्समध्ये विचारू नका, एकाच भिंगावर वाट्टेल तेवढा एक्स छापतात, डायॉप्टरच विचारा. ज्यांची कडेची नजर गेलीय आणि मधली शाबूत आहे, काचबिंदूवाले वगैरे, त्यांना मोठं करून दाखवल्यानं उलट कमीच भाग दिसेल, त्यांनी भिंग नको, नुसता चांगल्या सीआरआयचा लॅम्प घ्यावा.

मला स्वतःला आयताकृती काचेचं, ३ डायॉप्टरचं आणि डावा-उजवा उजेड वेगवेगळा बंद होणारं मॉडेल पाहिजे, अजून मिळालेलं नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव कुठंही कुणाच्या बघण्यात आलं असेल तर कळवा, येऊन घेऊन जातो.